दगड गार होता

"गार व्हता," धुरपताबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

डॉ. उपासनींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला. समोरचा माणूस अडाणी आहे असं ठरलं की सर असंच करीत.

"नीट आठवून सांगा," ते म्हणाले. "आकाशातून पेटत आलेला दगड. तो गरमच असणार. तुम्ही हात लावलात तेव्हा चटका बसला असेल. थोडा तरी."

"न्हाई बसला."

"मग तुम्ही बऱ्याच वेळानं हात लावला असेल."

"धूळ खाली बसली अन् लावला. दोन्ही हातांनी उचलला की. गार व्हता."

मी वहीत 'गार' असं लिहिलं. सरांनी तिरप्या नजरेनं वहीकडं पाहिलं. "बोरवणकर," ते म्हणाले, "तूर्त पेन्सिलीनं लिहा."

हे १९७६च्या जानेवारीतलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका संशोधन संस्थेत कनिष्ठ सहायक होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथली माणसं सज्जन आहेत आणि त्यांना आधीच पत्रं फार येतात. मी परिवीक्षेवर होतो. म्हणजे दोन वर्षं आपण भलतंसलतं बोलत नाही ना, हे वरिष्ठ बघतात आणि खात्री पटली की आपल्याला कायम करतात. त्यानंतर आपण कायमचेच तसे राहतो.

डॉ. उपासनी माझे वरिष्ठ. विज्ञाननिष्ठ माणूस म्हणून त्यांचं मोठं नाव होतं. दर शनिवारी कुठं ना कुठं त्यांचं अंधश्रद्धेवर व्याख्यान असे. 'प्रश्न विचारा, शंका घ्या, पुरावा मागा' हे ते अशा जरबेनं सांगत की सभागृहात कोणाची प्रश्न विचारायची छाती होत नसे. उल्कांवर त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तिका लिहिली होती. तिच्या मुखपृष्ठावर लालभडक पेटलेला दगड जमिनीवर आदळतोय आणि आजूबाजूचं गवत जळतंय, असं चित्र होतं. पुस्तिकेची तिसरी आवृत्ती तेव्हा छापखान्यात होती. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

परभणीच्या पलीकडं हिवरदरी म्हणून लहानसं गाव. तिथं नऊ दिवसांपूर्वी सकाळी तोफ डागल्यासारखा आवाज झाला, आभाळात धुराची रेघ उमटली आणि हरभऱ्याच्या रानात नारळाएवढा काळा दगड येऊन पडला. पडताना पाहणारी एकच व्यक्ती होती, धुरपताबाई. पन्नाशी ओलांडलेली विधवा, गावची सुईण. शेजारच्या वाडीतलं बाळंतपण उरकून ती पायवाटेनं घरी येत होती. तिच्यापासून दहा पावलांवर दगड पडला. तिनं तो उचलला, पदरात घेतला आणि गावच्या महादेवाच्या देवळात आणून ठेवला. आभाळातून आलेली वस्तू ज्याची असेल त्याच्या दारात नेऊन द्यावी, असा तिचा साधा हिशोब.

देवळाचा कारभार हरगीर महाराजांकडं होता. चाळिशीतले, गोरेपान, आवाज मधाळ. त्यांनी दगडाला तासाभरात शेंदूर लावला आणि संध्याकाळपर्यंत त्याला नाव दिलं, अग्निलिंग. देव तेजाचा गोळा होऊन खाली आला, भगभगत आला, आणि एका गरीब बाईनं तो हातात घेतला तरी तिला चटका बसला नाही, अशी कथा त्यांनी सांगायला सुरुवात केली. तीन दिवसांत पंचक्रोशी लोटली. धुरपताबाईचा उजवा हात लाल फडक्यात गुंडाळण्यात आला. सकाळपासून दुपारपर्यंत तिला देवळाच्या ओट्यावर बसवायचे, आणि लोक रांगेनं येऊन त्या फडक्याला कपाळ टेकवायचे.

तहसीलदारांचं पत्र आमच्या संस्थेत आलं आणि सर मला म्हणाले, चला, एक दगड आणायचा आहे आणि जमलं तर एक गाव अंधश्रद्धेतून सोडवायचं आहे.

आम्ही जीपनं पोचलो तेव्हा मला वाटलं होतं की आता जुंपणार. सर आणि महाराज समोरासमोर आले म्हणजे दोन रेडे भिडावेत तसं काहीतरी बघायला मिळेल. प्रत्यक्षात त्यांचं चहाच्या दुसऱ्या कपाला जमलं. सरांना दगड हवा होता. महाराजांनाही दगडच हवा असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसं नव्हतं. दगड ठेवून घेतला तर सरकार कधीतरी उचलून नेणार, हे त्यांना कळत होतं. त्यांना हवा होता दाखला. संस्थेच्या शिक्क्याचा कागद, की सदर दगड पृथ्वीवरचा नसून तो पेटत्या अवस्थेत हिवरदरी इथं आकाशातून उतरला. कागद काचेच्या चौकटीत बसवून गाभाऱ्यात लावला की झालं. दगडाची प्रतिकृती पाथरवट करून देणारच होता.

"पेटत्या अवस्थेत," सर म्हणाले. "अवश्य. ते तर शास्त्रीय सत्यच आहे."

"शास्त्रच ते," महाराज म्हणाले.

माझ्या आयुष्यात धर्म आणि विज्ञान यांचा समन्वय मी एवढ्या जवळून पुन्हा पाहिला नाही.

राहता राहिला एकच मुद्दा, धुरपताबाईचा हात. सरांचं म्हणणं, दगड तप्त होता, हात भाजलेला नाही, म्हणजे तिनं दगड पडताक्षणी उचललेलाच नाही. ती खोटं बोलते आहे. महाराजांचं म्हणणं, दगड तप्त होता, हात भाजलेला नाही, म्हणजे चमत्कार झाला. दोघांचं अर्ध्याहून जास्त वाक्य एकच होतं. आणि ज्या बाईनं दगड उचलला होता ती त्यातल्या पहिल्या तीन शब्दांनाच नाही म्हणत होती.

आता माझी गोष्ट. निघण्याच्या आदल्या दिवशी सरांनी मला ग्रंथालयात बसवून टिपण काढायला सांगितलं होतं. एका परदेशी नियतकालिकात मला एक लेख सापडला. त्यात म्हटलं होतं की असे दगड पडल्यावर बहुधा गारच असतात, फार तर कोमट. आकाशाच्या भयंकर थंडीत ते कोट्यवधी वर्षं असतात. हवेत शिरल्यावर पेटतात ते काही सेकंद. त्यात बाहेरचा थर वितळतो आणि वितळलेला भाग मागं उडून जातो. आत ऊब पोचायला वेळच मिळत नाही. पुढं वेग मंदावतो, आणि वरच्या गार हवेतून दगड मुकाट खाली येतो. मी हे सगळं टिपणात लिहिलं. सरांनी त्यावर लाल शाईनं काट मारली आणि समासात लिहिलं, 'असंभाव्य'. माझं काही म्हणणं नव्हतं. लाल शाई त्यांच्याकडं होती.

दुपारी सर महाराजांकडं जेवायला थांबले आणि मी खड्डा मोजायला रानात गेलो. दाखवायला धुरपताबाई आली. वाटेत तिनं हातावरचं लाल फडकं सोडलं आणि कमरेला खोचलं. मी टेप लावत होतो, ती उकिडवी बसून बघत होती.

तिला मी विचारलं, दगड गार होता म्हणजे किती गार. तिनं विचार केला. मग म्हणाली की पौषात पहाटे रांजणातलं पाणी असतं तसा. आणि तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिला कोणीच विचारली नव्हती. दगड हातात धरून ती जरा वेळ उभी राहिली होती, न्यावा की न न्यावा या विचारात. तेवढ्यात दगडावर दहिवर धरलं. गवतावर धरतं तसं, बारीक. तिनं पदरानं पुसलं, तर पुन्हा धरलं.

मी टेप खाली ठेवली. दगड भोवतालच्या हवेपेक्षा पुष्कळ गार असल्याशिवाय त्यावर दव धरत नाही. हे रचून सांगायचं तर त्या बाईला पदार्थविज्ञान यायला हवं होतं. तिनं ते बघितलं होतं, बस.

"तुम्हाला हाताला बरोबर कळतं?" मी उगीच विचारलं.

ती हसली. तीस वर्षं ती बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून ताप सांगत आली होती. तालुक्याच्या डॉक्टरनं एकदा काचेची नळी लावून पाहिलं होतं, तर नळीनं तेच सांगितलं. तेव्हापासून तिला नळीचा भरवसा वाटायला लागला, असं ती म्हणाली.

मग ती मुद्द्यावर आली. या हाताची तिला अडचण झाली होती. महाराजांनी सांगितलं होतं, की देवानं स्पर्श केलेला हात आता विटाळात घालायचा नाही. बाळंतपण बंद. शेजारची सून कौसा पहिलटकरीण, दिवस भरत आले होते. पोर पायांकडून खाली होतं. धुरपतानं पोटावरून चाचपून पाहिलं होतं, लाल फडकं सोडून, चोरून. असं पोर ओढायचं नसतं, वळवून घ्यायचं असतं, आणि ते गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. तालुक्याचं गाव अकरा कोस.

"तुमी शिकलेले," ती म्हणाली. "तुमी त्यांना सांगा, का धोंडा गारच व्हता, म्हून हात भाजला न्हाई. तुमी सांगितलं तर ऐकतील. मंग माजा हात मला वापस भेटंल."

मी विचारलं, तुम्हाला तो देव वाटत नाही का. तिला माझा प्रश्न जरा बावळट वाटला असावा. तिनं सांगितलं की आभाळातून आला म्हणून तिनं पहिल्यांदा नमस्कारच केला होता, रोजही करते. "देव असंल नाहीतर धोंडा असंल, ते मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "गार व्हता, ते ठावं हाय."

मी म्हणालो, बघतो. सरकारी नोकरीत पहिल्या वर्षी हा शब्द शिकवतात.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत सरांना मी दवाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मला क्षणभर वाटलं की पटलं. मग ते म्हणाले, "बोरवणकर, तुमची अडचण ही, की तुम्ही माणसांवर विश्वास ठेवता. विज्ञानात विश्वासाला जागा नाही." त्यांनी पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीची मुद्रितं पिशवीतून काढली आणि तपासायला बसले. मार्चमध्ये माझ्या कामाचा अहवाल त्यांनीच लिहायचा होता. तेही त्यांनी मुद्रितं चाळता चाळता सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच जीप तालुक्याला गेली. दाखला टंकलिखित करून, तहसीलदारांची प्रतिस्वाक्षरी घेऊन परत यायची होती. आम्ही देवळात गेलो तर अंगणात लोहारानं भट्टी मांडलेली. भाता चालू होता आणि निखाऱ्यांत नारळाएवढाच, पण दुसरा एक काळा दगड तापत होता. गावचे शे-दीडशे लोक भोवती गोल बसले होते.

कल्पना महाराजांची होती. डॉक्टरसाहेबांना बाईच्या हाताबद्दल शंका आहे ना? मग तिनं सगळ्यांसमोर तापलेला दगड पुन्हा हातात घ्यावा. देवाची कृपा असेल तर दिसेलच.

मला वाटलं, सर आता उसळतील. सरांचे डोळे चमकले. "म्हणजे प्रयोग," ते म्हणाले. मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं, की घाबरायचं कारण नाही. बाई दगडाजवळ येताच मागं सरेल आणि तेच आपल्याला हवं आहे. चमत्काराचा दावा जागच्या जागी निकालात निघेल, तोही शंभर साक्षीदारांसमोर. एका प्रयोगानं शंभर व्याख्यानांचं काम होईल. आणि ती मागं नाही सरली तर, असं मी विचारलं. "तर नोंद होईल," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात घड्याळ, वही आणि संस्थेचा तापमापक दिला. तो शंभर अंशांपर्यंतच मोजायचा. भट्टीतला दगड लाल व्हायला लागला होता.

मी वहीत तारीख घातली. खाली 'वेळ' आणि 'तापमान' असे दोन रकाने आखले. माणूस घाबरलेला असला की रकाने फार सरळ येतात.

धुरपताबाईला घेऊन आले. ती आली ती घाईत, केस विस्कटलेले, फडकं कसंबसं गुंडाळलेलं. पहाटेपासून कौसाला कळा सुरू झाल्या होत्या. धुरपता त्यांच्या अंगणात उभी होती, पण कौसाच्या सासऱ्यानं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. देवाचा हात विटाळला तर खापर त्याच्या घरावर फुटलं असतं. मी रस्त्याकडं पाहिलं. जीप अकरा कोसांवर होती, दाखल्यासाठी थांबलेली.

महाराजांनी गोड आवाजात तिला काय करायचं ते सांगितलं. सरांनी तुटक आवाजात तेच सांगितलं, आणि वर म्हणाले की हे पूर्णपणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे काय, ते तिला कोणी समजावलं नाही.

तिनं भट्टीकडं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. पदर खोचला आणि महाराजांना विचारलं, "धोंडा ताता व्हता, असं कोण म्हंतं?"

"आम्ही म्हणतो, माय. देवाचं तेज होतं ते."

तिनं सरांकडं मान वळवली. "अन् तुमी?"

"शास्त्र म्हणतं," सर म्हणाले.

"अन् म्या काय म्हंते?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "तू गार म्हंतीस."

"मंग मपल्या हातावर गार धोंडा ठिवा," धुरपताबाई म्हणाली. "म्या धरते, पाहिजे तेवढा येळ. ताता ज्यांनी सांगितला, त्यांनी ताता धरावा."

भात्याचा आवाज थांबला. लोहार खाली मान घालून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. महाराजांनी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. सरांनी चष्मा काढला, पण तो पुसायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

आणि मग ती माझ्याकडं वळली.

"तुमी सांगा, बाबा. काल तुमी समदं लिवून घेतलंत. दहिवराचं बी लिवलंत. धोंडा कसा व्हता?"

दीडशे माणसं माझ्याकडं बघायला लागली. सर बघत होते. महाराजांनीसुद्धा एक डोळा उघडला. मला उत्तर माहीत होतं. दीडशे माणसांत ते दोघांनाच माहीत होतं, एक ती आणि एक मी. तिला हातानं कळलं होतं आणि मला वाचून, एवढाच फरक. एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी.

मी घसा खाकरला.

"या विषयावर," मी म्हणालो, "अधिक अभ्यास व्हायला हवा."

हे वाक्य मी पुढं तीस वर्षं वापरलं. त्यानं माझं कधीच नुकसान झालं नाही.

धुरपताबाई माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिली. रागानं नाही. बाळंतिणीच्या कपाळाला हात लावल्यावर सुईण बघत असेल तसं. काय झालंय ते समजलं, आता इथं थांबण्यात अर्थ नाही. मग तिनं हातावरचं लाल फडकं सोडलं, घडी केली आणि ओट्यावर महाराजांच्या पुढं ठेवली.

"माय, तो हात देवाचा आहे," महाराज घाईनं म्हणाले. "विटाळात नको."

"देवाचा असंल तर लई बरं," ती म्हणाली. "कौसाला आज देवाचाच हात पायजे."

ती चालायला लागली. बायका उठल्या आणि तिच्यामागं गेल्या. एकेक करून पुरुषही उठले, कारण बायका गेल्यावर बघायला उरलं होतं काय. दगड भट्टीत लाल होऊन पडून राहिला. तो उचलायला कोणी पुढं आलं नाही. त्याला धरायची वेळ आता ज्यांच्यावर आली होती, ते दोघं देवळात जाऊन बसले होते.

मी कौसाच्या घरासमोर चिंचेखाली दोन तास उभा होतो. का उभा होतो, हे मला सांगता आलं नसतं. माझ्या हातात अजून तापमापक होता. आतून कण्हणं ऐकू यायचं, मध्येच धुरपताचा आवाज, एकसुरी, न चढणारा, थांब, आता नगं, आता लाव जोर. कौसाचा सासरा उंबऱ्याबाहेर बसून जमिनीवर रेघोट्या ओढत होता. तिनं आत जाताना त्याला विचारलंही नव्हतं. शेवटी आत शांत झालं. फार वेळ शांत राहिलं. मग मूल रडलं.

धुरपताबाई हात धूत बाहेर आली. मी पुढं झालो. कोणी ऐकत नाही ना, ते आधी बघून घेतलं, सवय.

"मावशी," मी हळू आवाजात म्हणालो, "तुम्ही खरं सांगत होता. असे दगड गारच पडतात. मी वाचलंय. पुस्तकात आहे."

तिनं हातांवर तांब्या उपडा केला. पाणी झटकलं. पदराला हात पुसले, एक, मग दुसरा.

"मला काहून सांगता, बाबा?" ती म्हणाली. "म्या तर धरला व्हता. तिथं सांगायचं व्हतं."

आणि ती पुन्हा आत गेली. तिला अजून पोरामागची वार पडायची वाट बघायची होती.

दुपारी जीप दाखला घेऊन आली. महाराजांनी तो कपाळाला लावला. सरांनी दगड गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. गावात एव्हाना दोन मतं झाली होती. एका गटाचं म्हणणं, कौसाचं पायाळू पोर जगलं ते देवाच्या हातानं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, तिनं हात विटाळला, आता देव कोपणार. त्या हाताला बाळंतपण करता येतं, असा तिसरा गट निघाला नाही. वाटेत सर खुशीत होते. त्यांच्या मते प्रयोग यशस्वी झाला होता, कारण बाईनं तापलेला दगड धरायला नकार दिला.

अहवाल मी लिहिला. पेन्सिलीचा शब्द खोडरबरानं स्वच्छ निघाला. 'प्रत्यक्षदर्शीची साक्ष विसंगत व अविश्वसनीय आढळली. पतनसमयी पाषाण अतितप्त अवस्थेत असावा.' खाली सरांची सही, त्याखाली माझी. मार्चमध्ये मी कायम झालो. पुढं यथाक्रम वर चढत गेलो. निवृत्त होताना मला शाल मिळाली आणि सत्यनिष्ठा या विषयावर माझं भाषणही झालं. धुरपताबाईनं पुढं कितीतरी वर्षं बाळंतपणं केली, असं एकदा त्या भागातल्या माणसाकडून कळलं. मी तिकडं पुन्हा गेलो नाही.

गेल्या वर्षी संस्थेतून एक मुलगी मला भेटायला घरी आली. ऋजुता नावाची, संशोधन करणारी, पंचविशीतली. जुन्या नोंदी ती तपासत होती. हिवरदरीच्या अहवालात अतितप्त असं लिहिलंय, ते तिला खटकलं होतं. तिच्या आवाजात ना जरब होती, ना गोडवा.

"सर, तुम्ही तिथं होता. दगड तुम्ही हातात धरला होता का, पडल्या पडल्या?"

"मी नाही," मी म्हणालो. "एका बाईंनी."

"त्या काय म्हणाल्या?"

माझी बायको आतून चहा घेऊन आली. ती कप ठेवून जाईपर्यंत मी थांबलो.

"गार होता म्हणाल्या. त्यावर दव धरलं होतं."

"त्यांचं नाव?"

मी नाव सांगितलं. ऋजुतानं वहीत लिहून घेतलं, धुरपताबाई, दगड गार, दव धरलं. शाईनं लिहिलं. मग पान उलटलं आणि दगडाचं वजन किती भरलं होतं, ते विचारलं. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल.